दादा रोज चाळीस मिनिटं उशिरा येतो आणि मी रोज त्याची ओडी भरतो

चाकणचा_सुपरवायझर

मंडळी, इथे एमआयडीसीतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय, कंपनीचं नाव विचारू नका. चाकण महाळुंगे भागात आमचं मशीन शॉप आहे, ऑटोचे पार्ट, ११ व्हीएमसी आणि ६ सीएनसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीनं), मी फर्स्ट शिफ्टचा सुपरवायझर. आमच्याकडे एक सेटर आहे, म्हणजे नवीन जॉबसाठी मशीन लावून देणारा, अख्खं शॉप त्याला दादा म्हणतं म्हणून मीही इथे दादाच म्हणतो. माणूस म्हणजे सोनं आहे. जे सेटिंग बाकीच्यांना तीन तास लागतं ते हा दीड तासात करतो आणि फर्स्ट पीस क्यूसीकडे (क्वालिटी तपासणीला) गेला की शक्यतो परत येत नाही. फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) नुसतं हाताने चाचपून सांगतो की लोकेटर (जॉब जागेवर बसवणारी पिन) झिजलाय, मग मोजायचा डायल लावून बघितलं की तेवढाच फरक निघतो.

अडचण एकच, शिफ्ट सातची आणि दादा येतो सात चाळीसला. कधी पावणेआठ. रोज. आमच्याकडे तीन लेट मार्क झाले की हाफ डे जातो, त्या हिशोबाने दादाचा महिन्याला चार दिवसांचा पगार कपातीत गेला असता. म्हणून गेली दीड वर्षं मी त्याच्या नावावर ओडी, म्हणजे कंपनीच्या कामाने बाहेर आहे अशी नोंद, भरतोय, 'टूल व्हेंडरकडे, भोसरी'. प्लांट हेडला माहीत आहे, तो म्हणतो तू बघून घे, मला डिस्पॅच दे.

मी हिशोबही केलाय. आठवड्याला साधारण चार मोठी सेटिंग धरली, प्रत्येकी दीड तास वाचतो म्हणजे सहा तास, मशीनचा अवर रेट पाचशे धरला तर महिन्याला १२,००० रुपये हा एकटा वाचवतो. चाळीस मिनिटांचं काय घेऊन बसायचं?

आता झालं असं की गेल्या महिन्यात लाईनवरच्या एका पोराचे तीन लेट मार्क झाले, १२ मिनिटं, ९ मिनिटं आणि २० मिनिटं, आणि हाफ डे कापला गेला. पोरगा चांगला आहे, ऑपरेटर, फार हुशार नाही पण सांगितलेलं करतो. तो माझ्याकडे आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, भोसरीला टूल व्हेंडरकडे मला पण पाठवत जा की." मला काही बोलताच आलं नाही. तेव्हापासून झोप नाही लागत. काय चुकतंय माझं? चांगल्या माणसाला थोडी सूट देणं चूक आहे का?

जुना_टूलरूमवाला

सुपरवायझर साहेब, मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली, सगळी नोकरी भोसरी आणि पिंपरीत टूलरूममध्ये गेली. तुमचा प्रश्न नवीन नाही, प्रत्येक शॉपमध्ये एक दादा असतोच, आणि प्रत्येक दादाच्या मागे एक ओडी भरणारा असतो. मीही भरलीय.

पण आधी एक सांगा, सूट कुठल्या नियमाची? सगळे नियम एका मापाचे नसतात. उशिरा येण्याने फार तर तुमचा चहा थंड होईल. माझ्याकडे ९० च्या दशकात एक ऑपरेटर होता, हात इतका चालायचा की बाकीचे ६० पीस काढायचे तिथे हा ८०. कसे काढायचा? तर मशीनच्या दरवाजाला जो इंटरलॉक असतो ना, दार उघडलं की स्पिंडल थांबतं तो, त्याची चावी वेगळी काढून ह्याने स्विचमध्ये टेपने बसवून ठेवली होती. म्हणजे दार उघडं तरी मशीन चालू. सायकल चालू असतानाच बर (कापलेल्या धातूची कड) साफ करायचा, हात आत घालून. मला माहीत होतं. माझ्या वरच्यालाही माहीत होतं. महिन्याच्या शेवटी टार्गेट पूर्ण व्हायचं तेव्हा आम्ही दोघे दुसरीकडे बघायचो. जुन्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम १११ होतं, कामगारानेसुद्धा सेफ्टीच्या साधनाशी मुद्दाम छेडछाड करायची नाही म्हणून, ते नोटीस बोर्डवर लावलेलंही होतं. आमच्याच बोर्डवर.

एके दिवशी हातमोजा अडकला. दोन बोटं गेली, उजव्या हाताची. आणि पुढचं ऐका, त्याची बोटं गेली हे एक, पण चौकशीत निघालं की त्याचं बघून बाजूच्या दोन मशीनवरच्या ट्रेनी पोरांनीही चाव्या टेपने बसवल्या होत्या. त्यांना कोणी शिकवलं? मी शिकवलं, न बोलता. उत्तम कामगार करतो ते बघूनच पोरं शिकतात हो, बोर्ड कोण वाचतं.

म्हणून माझं सरळ म्हणणं, जिथे बोट जाईल, डोळा जाईल, खोटा रिपोर्ट जाईल तिथे देवालाही सूट नाही. वेळेचं मी समजू शकतो. पण तुमच्या गोष्टीत मला वेळेपेक्षा ती ओडी जास्त टोचली.

चाकणचा_सुपरवायझर

काका, वाचून अंगावर काटा आला. दादा सेफ्टीत एकदम कडक आहे, गॉगल शूज सगळं, उलट पोरांना तोच ओरडतो. फक्त वेळ. पण ओडीत एवढं काय आहे, सगळ्या कंपन्यांत भरतात की.

सांगलीचा_क्रिकेटवेडा

मला कारखान्यातलं कळत नाही, बँकेत आहे, पण मोहाली आठवलं. मार्च २०१३, ऑस्ट्रेलियाची टीम इथे आली होती, हैदराबादला डावाने हरले, मग कोच मिकी आर्थरने सगळ्यांना सांगितलं की आपण कसे सुधारू त्याचे तीन मुद्दे द्या. चार जणांनी दिले नाहीत. चौघांनाही मोहाली टेस्टमधून बाहेर काढलं, वॉटसन, जॉन्सन, पॅटिन्सन आणि ख्वाजा. वॉटसन तर व्हाईस कॅप्टन. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा, स्टार असो नाहीतर नवखा.

आणि काय मिळालं? मालिका ४-० हरले. पुढच्याच दिल्ली टेस्टला क्लार्क दुखापतीने बसला तर कॅप्टन कोण, तोच वॉटसन 😀 जूनमध्ये ॲशेसच्या तोंडावर कोचच गेला. तेव्हा सगळे हसले होते, होमवर्कसाठी काढलं म्हणून. त्यामुळे फार ताठ राहूनही उपयोग नाही असं मला वाटतं. तीन मुद्दे काय, चाळीस मिनिटं काय, सोडून द्या.

जुना_टूलरूमवाला

वॉटसनला उघड काढलं हो, सगळ्या जगाला कारण सांगून. शिक्षा जास्त झाली असेल, पण तो मोहालीला खेळलाय असं स्कोअरबुकात खोटं कोणी लिहिलं नाही. इथे दादा भोसरीला गेलाच नाही.

एचआर_मधली_ताई

सुपरवायझर दादा, मी रांजणगाव पट्ट्यात एचआरला आहे, १४ वर्षं झाली. "सगळ्या कंपन्यांत भरतात" हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, रागावू नका.

समजा उद्या सकाळी साडेसातला दादाला मोशीच्या पुढे ट्रकने उडवलं. देव न करो. घरून कामावर येताना झालेला अपघात २०१० च्या दुरुस्तीपासून ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा योजनेत) कामावरचा अपघात धरता येतो, पण त्यासाठी वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध जुळावा लागतो. आता तुमचं रजिस्टर म्हणणार हा माणूस सातपासून भोसरीत ड्युटीवर होता, आणि गाडी तर चाकणकडे येताना सापडली. त्याच्या बायकोच्या क्लेमची वाट लागेल आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने लावलेली असेल. दादाचा पगार २१,००० च्या वर असेल तर तो ईएसआयच्या बाहेर, मग ग्रुप पॉलिसीवाले तर अशीच एखादी विसंगती शोधत बसलेले असतात. तुम्हाला वाटतंय तुम्ही त्याच्यावर उपकार करताय.

दुसरं, तो ऑपरेटर पोरगा. आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, ज्याला सगळे एमआरटीयू पल्प म्हणतात, मालकाने करायच्या नाहीत अशा गोष्टींची यादी आहे, शेड्यूल ४, त्यात पाचवा मुद्दाच आहे की गुणवत्ता न बघता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप द्यायचं नाही. आता तुम्ही म्हणाल दादाला गुणवत्ता बघूनच देतोय. बरोबर! पण कागदावर तुम्ही गुणवत्ता लिहिलीच नाहीये, तुम्ही लिहिलंय टूल व्हेंडर. म्हणजे बचावाचा एकमेव मुद्दा तुम्हीच खोटा लिहून घालवला.

तिसरं, हे माझ्याच लोकांना आवडणार नाही. तीन लेट मार्कला हाफ डे हा नियमच कच्चा आहे. पगारातून गैरहजेरीची कपात ही गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच करायची असते, १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टपासून, कलम ९. त्या पोराची १२ अधिक ९ अधिक २० म्हणजे ४१ मिनिटं झाली आणि तुम्ही कापले चार तास. सवयीने उशिरा येणं हे स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कंपनीच्या सेवानियमांत) गैरवर्तन आहे, त्यासाठी वॉर्निंग द्या, चौकशी लावा, पण ४१ मिनिटांचे चार तास कुठून आणले? तुमच्या कंपनीने ते रजेतून कापले असतील तर जरा वेगळी गोष्ट, पण विचारा. माझा अनुभव असा आहे की जिथे सुपरवायझर चोरून सूट देत असतो तिथे बहुतेक वेळा नियमच मूर्ख असतो आणि तो बदला असं वर जाऊन सांगायची कोणाची हिंमत नसते.

शिरोलीचा_फाउंड्रीवाला

ताई तुम्ही मोठ्या कंपनीचं बोलताय. माझी कोल्हापुरात शिरोलीला छोटी फाउंड्री, १८ माणसं. कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) बनवणारा एकच हुशार माणूस, तो दर सोमवारी येत नाही म्हणजे नाही, रविवारची जरा जास्त होते त्याला. काय करू? काढून टाकू? मंगळवारी मेल्टिंग बंद ठेवू? दोन वेळा दुसरा माणूस लावून बघितला, ब्लोहोलने (आत हवेची भोकं राहून) निम्मं कास्टिंग परत भट्टीत. तो पण असा शहाणा की सोमवारचा पगार मागत नाही, आणि बाकीची पोरं काही बोलत नाहीत कारण त्यांना माहीत आहे हा नसेल तर आपलं पण काम बंद. नियम बियम पुस्तकात ठीक आहे. हुशार माणसाचे लाड करावेच लागतात, दुभत्या गाईच्या लाथा गोड.

एचआर_मधली_ताई

फाउंड्रीवाले भाऊ, तुमच्याकडे तो सोमवारी गैरहजर लागतो आणि सोमवारचा पगार घेत नाही. हे सगळ्यांना दिसतं. तुमची सूट उघडी आहे म्हणून पोरं बोलत नाहीत. (दारूचं मात्र बघा, मंगळवारी सकाळी भट्टीजवळ हा माणूस कसा असतो ते मला वाचूनच टेन्शन आलं.)

तिसरा_लेटमार्क

मी तो पोरगा नाही पण समजा तोच आहे, दुसऱ्या कंपनीत. आमच्याकडे पण एक दादा आहे. खरं सांगू, तो उशिरा येतो त्याचं आम्हाला काही वाटत नाही, त्याचं काम आम्हीच तर रोज बघतो, मशीन अडलं की आम्हीच धावत त्याच्याकडे जातो आणि तो कधी नाही म्हणत नाही. वाईट कशाचं वाटतं तर सकाळी मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणतात शिस्त म्हणजे शिस्त, सात म्हणजे सात, आणि तेव्हा दादा अजून आलेला नसतो. सगळे खाली बघतात. साहेबांना वाटतं पोरं ऐकतायत, पोरं हसू दाबत असतात. त्या दिवसापासून साहेब हेल्मेट घाला म्हणाले तरी आम्हाला ते तसलंच वाटतं.

तुमचा तो पोरगा तुम्हाला टोमणा तरी मारून गेला, आमच्याकडे कोणी तेवढंही बोलत नाही.

एक_माजी_दादा

इतका वेळ नुसतं वाचत होतो, आता राहवत नाही. मी असाच एक दादा होतो. वाळूजला, टूल अँड डायमध्ये, ११ वर्षं. माझी सूट वेळेची नव्हती, मला कधीही गेटपास मिळायचा. शेतात पाणी सोडायचंय, जा. पोराची शाळा, जा. साहेब म्हणायचे तू आपला माणूस आहेस. मला पण छाती फुगवून फिरायला बरं वाटायचं, बाकीच्यांना एका तासाच्या गेटपाससाठी तीन सह्या लागायच्या आणि मी नुसता हात दाखवून बाहेर.

पाचव्या वर्षी माझ्या मागून आलेला, माझ्याच हाताखाली शिकलेला एक डिप्लोमावाला असिस्टंट इंजिनीयर झाला. मी विचारलं, माझं काय? साहेब म्हणाले तुझं रेकॉर्ड बघ, गेटपास किती आहेत, वर पाठवायला मला तोंड नाही. म्हणजे ज्या सह्या त्यांनी स्वतः केल्या त्याच माझ्याविरुद्ध! खरं कारण वेगळंच होतं ते मला नंतर कळलं, मी त्या मशीनवरून उठलो असतो तर डाय कोणी लावली असती? मला तिथेच बसवून ठेवायचं होतं. इन्क्रिमेंट द्यायला लागते ती कंपनीच्या खिशातून आणि वर तोंड वर करून मागावी लागते, गेटपास द्यायला साहेबांचं काय जात होतं? फुकटातली वस्तू. मला ११ वर्षं पगाराऐवजी चिल्लर दिली आणि मी ती मान समजून घेतली.

सुपरवायझर साहेब, तुम्हीच वर हिशोब लिहिलाय, दादा महिन्याला १२,००० वाचवतो. मग त्यातले चार हजार त्याच्या पगारात का येत नाहीत? तुम्ही त्याच्यासाठी प्लांट हेडशी भांडलात का कधी? ओडी भरणं सोपं होतं, एक सही. उद्या चाकणला शेजारच्या प्लॉटवर कोणी पाच हजार जास्त दिले तर दादा तुमच्या चाळीस मिनिटांसाठी थांबणार नाही. आणि ॲप्रेजलला दीड वर्षाच्या त्या ओड्या कोणीतरी मोजणार, हा माणूस सेटिंग कमी करतो आणि भोसरीला जास्त फिरतो म्हणून.

आणखी एक, तो उशिरा का येतो हे तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये कुठेच नाहीये.

चाकणचा_सुपरवायझर

माजी दादा, तुमच्या शेवटच्या ओळीने फार लागलं. खरंच मी कधी विचारलं नव्हतं. दीड वर्ष. मला वाटायचं विचारलं तर त्याला राग येईल आणि सोडून जाईल.

चाकणचा_सुपरवायझर

नऊ दिवसांनी लिहितोय, बरेच जण विचारत होते म्हणून.

पहिलं म्हणजे त्या दिवसापासून ओडी बंद केली. दादाला बाजूला घेऊन सांगितलं, चहा पाजला आणि विचारलं. तर कारण अगदी साधं. बायकोची नोकरी पिंपरीत, तिला सहाला निघावं लागतं, मुलगी दुसरीत, तिची व्हॅन पावणेसातला मोशीत येते, तिला बसवून हा बाईकने निघतो आणि चाकणला तळेगाव चौकात सकाळी काय असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. म्हणाला, "तुम्ही ओडी भरताय हे मला माहीत होतं, पण मी कधी मागितली नव्हती." हेही खरं आहे.

मग मी दोन महिन्यांचं सेटिंगचं रजिस्टर काढलं. सात ते आठमध्ये सेटिंग किती? मोजून तीन. सकाळी आधीच्या शिफ्टचाच जॉब चालू असतो, बदल सगळा दहानंतर. म्हणजे सेटर सातला हवाच हा नियम कोणी केला, का केला, कोणालाच आठवत नाही. ऑपरेटर सातला हवा हे बरोबर, त्याने मशीन सोडवून घ्यायचं असतं, नाहीतर थर्ड शिफ्टवाला अडकतो. त्या पोरालाही मी हे समजावून सांगितलं, तो म्हणाला हे आधी सांगितलं असतं तर मी भोसरीचं बोललोच नसतो. त्याच्या कपातीचं एचआरला विचारलं, ताईंनी लिहिलेलं कलम न सांगता फक्त ४१ मिनिटं आणि चार तास एवढंच विचारलं, ते म्हणाले बघतो. पगारात परत आले नाहीत अजून.

प्लांट हेडला लेखी दिलं की तिन्ही सेटरांसाठी आठ ते साडेचार अशी वेळ करा, ज्याला हवी त्याने अर्ज करायचा. आणि दादाची ग्रेड, म्हणजे पगार, वाढवायचं पण दिलं, १२,००० च्या हिशोबासकट. वेळेला एक महिना ट्रायल म्हणून हो म्हणाले. ग्रेडवर सही नाही, एप्रिलमध्ये बघू म्हणाले.

आता गंमत. दादाने अर्ज केलाच नाही. बाकी दोघांपैकी एकाने केला. दादा म्हणतो साडेचारला सुटलो तर मुलगी चारपासून शेजाऱ्यांकडे, त्यापेक्षा तुम्ही माझे लेट मार्क लावा, किती कापायचे ते कापा, मी तीन चाळीसला निघणार.

एचआर_मधली_ताई

मग चाळीस मिनिटांचाच पगार कापा, चार तासांचा नको. आणि लंच? साडेआठ तासांत अर्धा तास लंच असेल ना, सलग ठरावीक तासांच्या आत ब्रेक द्यावा लागतो, तो काढून चाळीस मिनिटं भरून घेता येणार नाहीत हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही उद्या तेच सुचवाल.

चाकणचा_सुपरवायझर

ताई, तेच सुचवणार होतो 😅

एक_माजी_दादा

एप्रिलमध्ये ग्रेडचं काय झालं ते इथे येऊन सांगा. बाकी सगळं त्यानंतर बोलू.